स्कुबाच्या बोटीवरची औषधपेटी: काय भरायचं, काय नाही, आणि घाट कधी चढायचा



नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या. आता दसरा-दिवाळीच्या सुट्टीची स्कुबाची बुकिंगं सुरू होतील. आपल्या पेजवर दोन्हीकडची माणसं आहेत. खाली मालवण-तारकर्लीकडं बोटी असणारी आहेत, आणि वर मच्छे, बेळगाव, निपाणी भागात तळ्या-धरणांवर जाळं टाकणारीही आहेत. वरची मंडळी ओळखीतले पाहुणे खाली पाठवतात. काहींची पोरं हंगामापुरती बोटीवर कामाला जातात. म्हणून ही पोस्ट दोघांसाठी आहे.

गेल्या महिन्यात आम्ही काही बोटींवरच्या औषधपेट्या उघडून बघितल्या. खरं सांगायचं तर लाज वाटली. गंजलेली कात्री, अर्धवट संपलेली आयोडीनची बाटली, मुदत संपलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या आणि ओला झालेला कापूस. कागदोपत्री "प्रथमोपचार पेटी आहे" म्हणायला एवढं चालतं. पण बोटीवर दहा-बारा माणसं असतात, त्यातल्या निम्म्यांना पोहायला येत नाही, आणि आपण त्यांना पाण्याखाली नेतो. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कुबा करून परत येणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. संकट सांगून येत नाही. ते आलं की पहिली दहा मिनिटं बोटीवर फक्त आपणच असतो, डॉक्टर नसतो.

आधी पाहुणा कुठून आलाय ते बघा

मच्छ्याच्या इंडस्ट्रियल एरियात शनिवारची शिफ्ट संपते. रात्री टेम्पो ट्रॅव्हलर निघते, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने आंबोलीचा घाट उतरते, सावंतवाडी-कुडाळ करत पहाटे मालवणात. झोप नाही, पोटात चहा आणि बिस्कीट. घाटात उलटी होऊ नये म्हणून दोघा-तिघांनी गोळी घेतलेली असते. कुणाला वरच्या थंडीतली सर्दी असते. सकाळी आठला हीच मंडळी बोटीत, आणि रविवारी संध्याकाळी परत घाट चढायचा, कारण सोमवारी पहिली शिफ्ट.

ही सहल डोळ्यापुढं ठेवून पेटी भरली पाहिजे. दुकानात मिळणारी तयार पेटी ऑफिससाठी असते. त्यात घाटही नसतो आणि समुद्रही नसतो.

पहिला कागद: उतरण्याआधीचे प्रश्न

पेटीत सगळ्यात वर एक छापील कागद ठेवा, मराठीत आणि कन्नडमध्येही. प्रत्येक पाहुण्याला विचारायचं:

- सर्दी, नाक चोंदणं, कानदुखी आहे का? कानाचं ऑपरेशन झालंय का?
- दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, बीपी, शुगर आहे का?
- गेल्या काही महिन्यांत मोठं ऑपरेशन झालंय का?
- बाईमाणूस गरोदर आहे का? हे बाजूला घेऊन, नीट विचारायचं.
- आज सकाळपासून कुठली गोळी घेतली? रात्री दारू किती झाली?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घाटासाठी घेतलेली ॲव्होमिनसारखी गोळी झोप आणते आणि तिचा असर कित्येक तास राहतो. अशा माणसाला पाण्याखाली गाईडने केलेली खूण उशिरा कळते. त्याला बोटीवर बसवा, किल्ला दाखवा, पाण्याखाली नेऊ नका.

सर्दीचंही तसंच. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. कानावर जास्त ताण पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच येतो. नाक मोकळं असेल तर कानात हवा पोहोचून दाब सारखा होतो. नाक बंद असेल तर पडदा आत खेचला जातो, दुखतं, कधी फाटतो. काही बोटींवर आम्ही बघितलंय, पाहुणा नाराज होऊ नये म्हणून सर्दीची गोळी देऊन उतरवतात. हे करू नका. गोळीचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना कानात-कपाळात हवा अडकते, आणि वर तर यावंच लागतं. बुकिंगचे पैसे परत द्यावे लागले तरी चालतील. एक कानाचा पडदा त्यापेक्षा महाग आहे.

दमा, हृदय, फिट यांतलं काही "हो" आलं तर डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय उतरवायचं नाही. पन्नाशीच्या पुढचा, बीपीची गोळी घेणारा पाहुणा धडधाकट दिसतो. पण पाण्यात छाती दुखू लागली तर तिथं करण्यासारखं फार थोडं असतं.

पेटीत काय भरायचं

दहा-बारा माणसांच्या बोटीसाठी आमचा हिशोब असा आहे.

*कापणं, खरचटणं:* कालवांच्या धारेने पाय कापणं हे रोजचं. निर्जंतुक गॉजची पाकिटं, दोन रुंदीची रोलर बँडेजं, चिकटपट्टी, त्रिकोणी बँडेज, पोव्हिडोन आयोडीन, रबरी हातमोजे, चिमटा, चांगल्या स्टीलची कात्री. जखम आधी बाटलीबंद स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायची. कालवाची कपची आत राहिली तर जखम पिकते. तंबाखू, चुना, हळद, डिझेल यांतलं काहीही लावायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला त्याच दिवशी पाठवा.

*काटा आणि डंख:* पाकटाच्या शेपटीचा काटा, शिंगाळ्याचा काटा काय कळ आणतो ते आपल्या घरोघरी माहीत आहे. यावर सगळ्यात चांगलं औषध म्हणजे गरम पाणी. मोठा थर्मास रोज भरून न्या. हात किंवा पाय सोसेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशापर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम आहे ते आधी आपल्या हाताने बघा, कारण बधिर झालेल्या पायाला भाजलेलं कळत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत खोल घुसला असेल तर उपटू नका, तसाच दवाखान्यात न्या.

जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि चिकटलेले धागे चिमट्याने काढा. वाळूने घासू नका, गोडं पाणी ओतू नका. कळ गरम पाण्याने कमी होते. व्हिनेगरची बाटली ठेवा, ती बॉक्स जेलीफिशसाठी उपयोगी आहे. निळ्या फुग्यासारखी दिसणारी असेल तर मात्र व्हिनेगर लावायचं नाही. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर सेट्रिझिन देऊन वाट बघत बसू नका. बोट सरळ जेटीकडं घ्या आणि वाटेतूनच 108 ला फोन करा.

*ऊन आणि उलटी:* ओआरएसची पाकिटं आणि पिण्याचं पाणी. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं असतं, ते ग्लासभर पाण्यात घालून देऊ नका, त्याने उलट त्रास होतो. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते बघूनच करा. उलटी करणाऱ्याला सावलीत बसवून घोटघोट द्यायचं, त्या दिवशी पाण्यात उतरवायचं नाही.

*गोळ्या:* पॅरासिटामॉल आणि सेट्रिझिन. बास. देण्याआधी ॲलर्जी आहे का आणि दुसरं औषध चालू आहे का ते विचारायचं. पाहुण्याचा स्वतःचा पंप, शुगरची, बीपीची औषधं त्याच्या नावाच्या पिशवीत बोटीवर असली पाहिजेत. खोलीवर राहिलेलं औषध समुद्रात कामाचं नाही.

*श्वास:* तोंडाने श्वास देण्यासाठी झडप असलेला पॉकेट मास्क, आणि ऑक्सिजन. याबद्दल पुढं सविस्तर लिहितोय.

*इतर:* दोन जाड कोरड्या चादरी, टॉर्च, वही आणि पेन.

काय नको

उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, इंजेक्शनं, झोपेच्या गोळ्या, कानात टाकायचं तेल, आणि कुणीतरी "हे भारी आहे" म्हणून दिलेलं बिननावाचं मलम. आपण डॉक्टर नाही. ज्याचं नाव, मात्रा आणि मुदत वाचता येत नाही ते पेटीत राहता कामा नये.

ऑक्सिजन

खर्च म्हणून बहुतेक जण इथंच हात आखडता घेतात. पण पाण्यात बुडालेला, पाण्याखाली छातीत दुखलेला किंवा डाइव्हनंतर बधिर झालेला माणूस, या तिघांनाही बोटीवर सगळ्यात उपयोगी पडणारी वस्तू ऑक्सिजनच आहे.

कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी बी टाइप सिलिंडर हे नाव ऐकलं. त्यात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. पिशवी लावलेल्या मास्कने मिनिटाला 15 लिटर सोडला तर तो 100 मिनिटं चालतो. आता हिशोब करा. डाइव्हच्या जागेवरून माणसं गोळा करून मालवण जेटी गाठायला अर्धा तास. तिथून ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाडीने सुमारे तासावर. म्हणजे एक भरलेला सिलिंडर जेमतेम पुरतो, अर्धा भरलेला पुरत नाही. मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटावर जाणाऱ्यांना परत किनारा गाठायलाच तास-दीड तास जातो, त्यांनी दोन न्यावेत. स्प्रेच्या डब्यासारखा छोटा ऑक्सिजन कॅन काही श्वासांत संपतो, त्यावर पैसे घालवू नका.

आणि एक. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लागलं तर आग लागू शकते. इंजिनाला हात लावलेल्याने आधी हात धुवायचे, मग सिलिंडर. सिलिंडर डिझेलच्या कॅनपासून लांब, सावलीत, नीट बांधून ठेवायचा. जवळ बिडी-सिगारेट नाही.

बुडालेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो. आधी तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध 30 वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास. दाबण्याचा वेग मिनिटाला 100 ते 120, खोली सुमारे पाच सेंटिमीटर. मदत मिळेपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून जमत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो. प्रत्येक बोटीवरच्या निदान दोघांनी हंगामाआधी शिकून घ्या. शुद्धीवर आलेला माणूस "बरं वाटतंय" म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

दुसरा कागद: वर आल्यानंतरची चिठ्ठी

मागच्या एका हंगामातली गोष्ट सांगतो. आपल्याच वरच्या भागातला एक पोरगा खाली डायव्हरच्या हाताखाली होता. दोन दिवस खोल डाइव्ह केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अडकलेला नांगर सोडवायला पुन्हा दोनदा खाली गेला आणि दुपारी जेवून मोटारसायकलवर मच्छ्याला निघाला. आंबोली चढताना कोपर ठणकायला लागलं. त्याला वाटलं, गाडीचा हँडल धरून दुखतंय. घरी आईने तेल लावून दिलं, दुखण्याची गोळी घेऊन झोपला. सकाळी दोन बोटांना मुंग्या. दवाखान्यात गेला, तिथंही "खांदा आखडलाय" एवढंच सांगितलं. डाइव्ह केल्याचं त्याने सांगितलं नाही आणि डॉक्टरांना विचारायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी खालच्या एका जुन्या डायव्हरशी फोनवर सहज बोलणं झालं, तेव्हा त्याने ओळखलं. मग ऑक्सिजन, मग प्रेशर चेंबर. पोरगा आज बरा आहे, पण एक बोट अजून थोडं बधिर आहे.

झालं काय? खाली दाबामुळं श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला काही तास लागतात. त्याआधीच आपण घाट चढलो तर हवेचा दाब आणखी कमी होतो. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर बुडबुडे येतात, तसे ते अंगात येतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर आहे, बेळगाव-मच्छे साधारण 750 मीटरवर. डाइव्हनंतर विमानात बसण्याचा जो नियम जगभर पाळतात, तो 600 मीटर उंचीपासून लागू धरतात. म्हणजे आपल्या माणसासाठी घरी जाणं हेच विमानात बसण्यासारखं आहे.

नियम असा: एकच साधी डाइव्ह केली असेल तर 12 तास थांबा. एका दिवसात जास्त किंवा लागोपाठ दिवस डाइव्ह केल्या असतील तर 18 तास. त्याहून लांब आणि खोल डाइव्ह असेल तर 24 तासांच्या वर.

उगाच घाबरवायचं नाही. मालवणात सहा-आठ मीटरवर एकदा वीस मिनिटं गेलेल्या पाहुण्याला हा आजार होण्याची शक्यता फार कमी आहे. त्याला खरा धोका दुसरा आहे. घाबरून श्वास रोखून वर आला तर दीड-दोन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. वर आल्याआल्या छातीत कळ, खोकल्यातून रक्त, बोलणं अडखळणं, एका बाजूचा जोर जाणं यांतलं काही दिसलं तर आडवं झोपवा, ऑक्सिजन लावा, बोट फिरवा.

बुडबुड्यांचा धोका आपल्या पोरांना जास्त. पाहुणा एकदा खाली जातो, गाईड दिवसात आठ-दहा वेळा वर-खाली करतो. नांगर अडकला, पंख्यात जाळं गेलं की तोच उतरतो. सुट्टी मिळाली की संध्याकाळीच घाट चढून घरी पळतो.

म्हणून दुसरा कागद. डाइव्ह संपली की प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या: तारीख, किती वाजता वर आला, किती खोल, किती मिनिटं, दिवसात किती वेळा. खाली ठळक लिहा: "मी स्कुबा डाइव्ह केली आहे. 24 तासांत सांधेदुखी, मुंग्या, बधिरपणा, चक्कर, अंगावर चट्टे, लघवी अडणं असं काही झालं तर ही चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा." ही चिठ्ठी त्या पोराच्या खिशात असती तर एक दिवस वाचला असता. खर्च किती? झेरॉक्सचा.

असा त्रास झालाच तर दुखण्याची गोळी देऊन झोपवू नका. ऑक्सिजन लावा, पाणी पाजा, शुद्धीत असेल तर. त्याला पुन्हा पाण्यात उतरवून "बरं करायचा" प्रयोग कधीही करू नका. आणि मालवणहून मोठ्या दवाखान्यात न्यायचं झालं तर डॉक्टरांना घाटाचं आठवण करून द्या. बेळगाव-कोल्हापूरचा रस्ता वर चढतो, गोव्याचा रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने जातो.

झाकणाच्या आतल्या बाजूला

हे नंबर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा: रुग्णवाहिका 108, आपत्कालीन 112, तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093. वायरलेसवर चॅनल 16. त्याखाली जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि सगळ्यात जवळ चालू असलेल्या प्रेशर चेंबरचा नंबर. चेंबरला हंगामाच्या सुरुवातीलाच फोन करून चालू आहे का ते विचारून घ्या. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात पाण्याखालच्या आजारांची मोठी संस्था आहे, तीही यादीत असू द्या.

पेटी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब ठेवा. खारी हवा आणि ऊन औषधं खराब करतात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला उघडून बघायची: काय संपलं, काय गंजलं, कशाची मुदत गेली, सिलिंडरचा काटा कुठं आहे. बघणाऱ्याचं नाव वहीत. "कुणीतरी बघेल" म्हणून सोडली की ती पुन्हा गंजक्या कात्रीची पेटी होते.

आता वरच्या मंडळींना एक विनंती. पाहुणे पाठवताना रविवारची एका दिवसाची धावपळ ठरवूच नका. शनिवारी दिवसा खाली या, रात्री नीट झोपा, रविवारी सकाळी डाइव्ह, रात्री मुक्काम, सोमवारी घाट. सोमवारी सुट्टी मिळत नसेल तर एक दिवस अलीकडं सरका, शुक्रवारी या, शनिवारी डाइव्ह, रविवारी परत. खालच्या घरांनाही मुक्कामाचे चार पैसे मिळतात, आणि पाहुणा जिवंत, धडधाकट घरी पोचतो. तोच पुढच्या वर्षी आणखी दहा माणसं घेऊन येतो.

ही पोस्ट सेव्ह करा, बोटीवरच्या पोरांना वाचून दाखवा. आपल्या पेटीत यातलं काय आहे आणि काय नाही ते खाली लिहा. दोन्ही कागदांचा नमुना ज्यांना हवा त्यांनी मेसेज करा, आम्ही पाठवतो.